बाकाची डावी बाजू

पियानो वाजवणारी मराठी बाई भेटली की लोक आधी विचारतात, "घरात ठेवलाय कुठे?" आणि मग विचारतात, "साथीला कोण असतं?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गिरगावातल्या आमच्या घरात बैठकीची खोली म्हणून जे काही आहे ते सगळं पियानोचंच आहे, मी तिथे पाहुणी. पणजोबांनी एका गोऱ्या साहेबाचं सामान लिलावात निघालं तेव्हा तो घेतला. त्यांना खरं तर कपाट हवं होतं. कपाट दुसऱ्याने पळवलं आणि रिकाम्या हाताने घरी कसं जायचं म्हणून हे धूड उचलून आणलं. असा आमच्या घराण्याचा संगीताशी संबंध.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. संपादकांनी बजावलंय, सोपं लिहा, आमच्या वाचकांना पियानोतलं फारसं कळत नाही. इतकी वर्षं वाजवून मला तरी कुठे सगळं कळलंय! तेव्हा जमायला हरकत नाही.

आपल्याकडे गाणारा मधे बसतो, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. त्याला साथ म्हणतात. पियानोत ही सगळी मंडळी एकाच माणसाच्या दहा बोटांत असतात. उजवा हात गातो, डावा ठेका धरतो, मधली बोटं जमेल तशी पेटी सांभाळतात. म्हणून मी सांगायची, "साथीला कोणी नाही, एकटीच." त्यावर समोरच्याचा चेहरा असा काही उतरायचा की मलाच वाईट वाटायचं. एका मावशींनी तर माझा हात धरून म्हटलं होतं, "होईल गं काहीतरी." त्यांनी साथीचा अर्थ वेगळा घेतला होता. मी लग्न केलं नव्हतं, त्याची सगळ्यांनाच काळजी होती.

मी दर वर्षाच्या सुरुवातीला एक पत्रक छापते. वर्षभरात कुठे, कधी, काय वाजवणार ते त्यात असतं. काही मैफली युरोपातल्या जुन्या अभिजात संगीताच्या, काही अमेरिकन संगीताच्या, आणि एखादी माझ्या स्वतःच्या रचनांची. त्या शेवटच्या मैफलीला कमी लोक येतात, पण जे येतात ते चहा झाल्याशिवाय जात नाहीत.

हे पत्रक आखणं म्हणजे पंचांग मांडून बसण्यासारखंच आहे. पावसाळ्यात पियानोचं लाकूड फुगतं, पट्ट्या दाबल्या की वर यायचं नाव घेत नाहीत, म्हणून जून-जुलै बाद. गणपतीत गिरगावातून पियानोच काय, मीसुद्धा बाहेर पडू शकत नाही. नवरात्रात सगळीकडे लाउडस्पीकर. मे महिन्यात ऐकणारे एक तर कोकणात नाही तर लेकाकडे परदेशात. डिसेंबरात चांगले हॉल मिळत नाहीत. मग उरतं काय? पितृपक्ष. त्या पंधरवड्यात दादर-गिरगावचे हॉल ओस पडलेले असतात. लग्न नाही, मुंज नाही, सत्कार नाही. चिटणीस स्वतःहून फोन करून विचारतात, "ताई, यंदा घेताय ना?" आमच्या काकूला हे अजिबात पटायचं नाही. "पितृपक्षात कसले गं कार्यक्रम करतेस?" मी म्हणायची, "काकू, मी ज्यांचं वाजवते ते सगळे कधीच गेलेत. त्यांचाच पंधरवडा आहे." ती मैफलीला काही यायची नाही.

या धंद्यात तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटतात. कफ परेडला एका घरी वाढदिवसाला वाजवायला गेले, तर वाजवत असतानाच पियानोच्या झाकणावर केक आणून ठेवला. मेणबत्त्या पेटवल्या, फुंकल्या, सुरी फिरली आणि मी मऊ आवाजाचा भाग चालू असल्याचं सोंग करत राहिले. परळच्या एका गृहस्थांनी मैफलीनंतर येऊन प्रामाणिकपणे सांगितलं, "छान होतं, पण सम कुठे आली ते कळलं नाही, त्यामुळे मान कुठे हलवायची ते ठरेना." मला त्यांचा राग आला नाही. मान हलवायची इच्छा घेऊन आलेला माणूस मला पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या रसिकापेक्षा कधीही जवळचा.

पण लिहायचंय ते बेनीबद्दल.

बेंजामिन माहीमचा. सकाळी शाळेत मुलांना गाणी शिकवायचा, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि संध्याकाळी कुलाब्याच्या एका हॉटेलात लोक सूप पीत असताना पियानो. आमची ओळख एका स्पर्धेत झाली. आम्ही दोघंही परीक्षक होतो आणि आमचं एकाही मुलाबद्दल एकमत झालं नाही. निकाल लागल्यावर तो म्हणाला, "शालू, तुला काय कळत नाय. पण तू वाजवतेस बरी. चार हातांचं करूया काय?"

चार हातांचं म्हणजे एकाच पियानोवर, एकाच बाकावर दोघांनी बसायचं. एकाने उजवीकडची, म्हणजे वरच्या सुरांची बाजू घ्यायची, दुसऱ्याने डावीकडची, खर्जाची. पायाखालचं पेडल, ज्याने सूर लांबतात, ते डावीकडच्याने सांभाळायचं. दिसतं मजेशीर. प्रत्यक्षात ती एक प्रकारची भाऊबंदकी असते. तुझं कोपर माझ्या बरगडीत, माझा अंगठा तुझ्या करंगळीवर, आणि दोघांनाही एकाच क्षणी एकच पट्टी हवी. दोघांनी श्वाससुद्धा बरोबर घ्यावा लागतो, कारण सुरुवात करायची खूण तीच. आम्ही अर्धंअधिक आयुष्य असं मांडीला मांडी लावून काढलं. लोकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. बेनीच्या बायकोला, ग्रेसीला, त्याची गंमत वाटायची. मी दारात दिसले की आत ओरडून सांगायची, "बेनी, तुझी अर्धी बायको आली रे."

अमेरिकन मैफली सुरू झाल्या त्या बेनीमुळे. तिकडचं जुनं नाचाचं संगीत असतं ना, त्यात डावा हात लेझमीच्या पावलासारखा एकसारखा चालतो आणि उजवा मुद्दाम त्याच्या आगेमागे लंगडत राहतो. सगळी गोडी त्या लंगडण्यात आहे. पण लंगडायला खाली भक्कम जमीन लागते, आणि बेनीच्या डाव्या हाताइतकी भक्कम जमीन मी दुसरीकडे पाहिली नाही. मी वर काय वाटेल त्या कोलांट्या मारायची. पडण्याची भीती नसायची.

एकदा दादरच्या एका मंडळात आमची मैफल होती. निवेदकांनी माईक हातात घेतला आणि सवयीने म्हणाले, "पियानोवर आहेत शालिनीताई, आणि त्यांना तितकीच समर्थ साथ करताहेत श्रीयुत बेंजामिन." बेनी वाजवताना काही चुकला नाही. नंतर इराण्याकडे चहा पिताना मात्र विचारता झाला, "साथ म्हणजे मागे बसतात ते ना गो? मी तर बाजूला बसतो."

मी म्हटलं, "अरे, त्यांना दुसरा शब्दच माहीत नाही."

"मग शिकव त्यांना."

तेव्हापासून पत्रकात आमची नावं एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापायला लागले. मधे नुसतं 'आणि'.

मग बेनीला झटका आला. सकाळी दाढी करायला उभा राहिला आणि वस्तरा हातातून पडला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत टाकायला लागला. बोलणं सुदैवाने परत आलं. डावा हात शाबूत होता. डॉक्टर ग्रेसीला म्हणाले, नशीब समजा. बेनी मला म्हणाला, "ह्या नशिबाचं काय करू सांग. खालचा हात ठेवला न् वरचा नेला."

त्या वर्षी मी एकटीने वाजवलं. बाकाच्या मधोमध बसायची सवयच राहिली नव्हती. तालमीला बसले की आपोआप उजवीकडे सरकायची आणि खर्जाकडे हात पोचायचा नाही. घरात बोलायला माणूस नाही याचं मला कधी फारसं वाटलं नव्हतं. त्या वर्षी वाटलं, आणि चांगलंच वाटलं. कुठला भाग बरा झाला, कुठला फसला, हे सांगायचं कुणाला? मैफल संपवून घरी यायचं, साडी बदलायची आणि गॅसवर दूध ठेवायचं.

शेवटी मी तीन हातांसाठी एक रचना लिहिली. दोन माझे, डावा त्याचा. अशा गोष्टी दयेपोटी लिहिल्या की त्यातून दयाच ऐकू येते, एवढं मला कळत होतं. म्हणून लिहिताना एक पथ्य पाळलं. ठेका सगळा बेनीच्या हातात ठेवला आणि माझ्या दोन हातांना फक्त लंगडणं दिलं. तो नसेल तर माझं वाजणं म्हणजे नुसत्या इकडेतिकडे पडलेल्या सुरांचा पसारा.

कागद घेऊन माहीमला गेले. त्याने बघितलेच नाहीत. म्हणाला, "आता झालो बघ खरा साथीवाला. एक हात साथीला."

"वाचून तर बघ."

"पेडल कोण मारणार? माझा पाय चालत नाय."

"मी मारीन. डाव्या पायाने."

"म्हणजे पायपण तुझाच."

मी कागद तिथेच पियानोवर ठेवून निघून आले. मला त्याचा राग आला होता. आठवड्याने त्याचाच फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तू एकटीने वाजवून बघितलंस काय हे?"

"बघितलं. वाजत नाही."

"नाय वाजणार. सगळं माझ्याकडे दिलंयस." मग म्हणाला, "ये गुरुवारी."

पुढचे महिने मी दर गुरुवारी माहीमला जात होते. आमच्या दोघांच्या मधे आता त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. पूर्वी त्या जागेसाठी आम्ही भांडायचो, आता तिथे जागाच जागा होती. डाव्या पायाने पेडल मारणं म्हणजे डाव्या हाताने जेवण्याचा प्रकार, माझी कंबर धरायची. बेनी पहिल्यासारखा खेकसायचा. "उशीर करतेस. पाय उचल. झोपलीस काय?" त्याच्या खेकसण्याने मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. ग्रेसीने एकदा स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "गुरुवारीच दाढी करतो बघ. बाकी दिवस तसाच."

पत्रकात छापलं: 'तीन हातांसाठी. शालिनी आणि बेंजामिन.' पितृपक्षातली तारीख, दादरचा हॉल. बेनीला परत बाकावर बसवायचं, एवढीच त्या वर्षी माझी इच्छा होती. बाकीचं पत्रक मी सवयीने भरलं होतं.

त्या संध्याकाळी बेनी कोट घालून आला. टाय ग्रेसीने बांधला होता. पहिला भाग मी एकटीने वाजवला, मग विंगेत येऊन त्याच्याजवळ उभी राहिले. काठी त्याने भिंतीला टेकवून ठेवली होती. स्टेजवर काठीशिवाय जाणार म्हणत होता, पावलं मोजून ठेवली होती. निवेदन करणार होते त्या मंडळाच्या सचिवांना मी आधीच चिठ्ठी दिली होती. त्यात आमची नावं आणि रचनेचं नाव, बस्स. सचिव भला माणूस. इतका भला की चिठ्ठी त्याने खिशात घातली आणि मनापासून बोलायला लागला.

"रसिकहो, पुढची रचना ऐकण्याआधी मला एका लढवय्याला वंदन करायचंय. नियतीने ज्यांचा उजवा हात हिरावून घेतला, पण जिद्द हिरावून घेता आली नाही, असे आपले बेंजामिन सर आज केवळ एका हाताने आपल्यासमोर येत आहेत. आपण सगळ्यांनी उभं राहून त्यांना मानवंदना देऊ या."

खुर्च्या खडखडल्या. सगळा हॉल उभा राहिला आणि टाळ्या सुरू झाल्या. इतक्या टाळ्या आम्हा दोघांना चारही हात शाबूत असताना कधी मिळाल्या नव्हत्या.

बेनीने पडद्याला धरलेला हात सोडला. माझ्याकडे बघून म्हणाला, "मी अजून वाजवलंय कुठे?"

"बेनी, चल."

"काय वाजवणार आता? त्यांचं ऐकून झालं." तो मागच्या लोखंडी खुर्चीवर बसला. "तू जा."

मी त्याला ओढू शकले असते, लाडीगोडी लावू शकले असते. दोन्ही त्याच्या बाबतीत चाललं नसतं. टाळ्या विरळ व्हायला लागल्या, सचिव हाताने 'या या' करत होते. मी एकटी गेले. दुसरं काहीही वाजवता आलं असतं, तासभर पुरेल इतकं बोटांत आहे. पण समोर ते कागद उघडे होते आणि मी बसले तीही उजव्या अर्ध्या बाकावर. तेच वाजवलं. माझा वरचा भाग जसाच्या तसा वाजवला. खालचा ठेका डाव्या हाताने थोडाफार भरून काढता आला असता, तो काढला नाही. ती जागा माझी नव्हती. सूर पडत होते, मधे मोठमोठ्या रिकाम्या जागा, मग पुन्हा सूर. त्या रिकाम्या जागांत मला पंख्याची घरघर ऐकू येत होती. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि समोर एवढी माणसं बसलेली.

टाळ्या चांगल्या पडल्या. लोकांना वाटलं, आधुनिक काहीतरी असावं.

बाहेर पडताना दाराशी एक जोडपं थांबलं होतं. उशिरा आले असावेत, सचिवांचं भाषण त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी पाहिलं ते एवढंच की पितृपक्ष आहे, पत्रकात दोघांची नावं आहेत आणि बाई अर्धा बाक रिकामा सोडून बसल्या आहेत. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरलेले. "फार सुंदर श्रद्धांजली वाहिलीत. कधी गेले हो ते?"

तेवढ्यात माझ्या मागून काठीचा आवाज आला आणि बेनी अगदी अदबीने म्हणाला, "अजून नाय."

टॅक्सीत तो खोकला येईपर्यंत हसला. ग्रेसी चिडून खिडकीबाहेर बघत होती. हसू ओसरल्यावर म्हणाला, "त्यांचं काय चुकलं नाय. मी आतून ऐकत होतो. मलापण वाटलं, माणूस बरा होता."

"पुढच्या गुरुवारी येते," मी म्हटलं.

"नको."

"लोकांसमोर नको, घरी वाजवू."

"तुझ्यासमोरपण नको, शालू. वाजवताना तू माझ्या त्या हाताकडे बघतेस."

मी बघत होते. नाही म्हणून काय सांगणार?

त्यानंतर बेनी कुणाच्या देखत पियानोवर बसला नाही. मी माहीमला जाते, आम्ही गप्पा मारतो, तो मला शिव्या घालतो, ग्रेसी बोंबील तळते. पियानोचं झाकण बंद असतं. यंदाच्या पत्रकात तीन हातांची रचना नाही. सचिवांनी दोनदा विचारलं, लोकांना फार भावली होती म्हणाले. मी नाही म्हटलं. कारण सांगत बसले नाही.

मग या उन्हाळ्यात एके संध्याकाळी ग्रेसीचा फोन आला. कुजबुजत बोलत होती. बेनी रोज दिवेलागणीला दार लावून घेतो आणि आपला खालचा भाग वाजवतो म्हणाली. खालच्या मजल्यावरचे लोक विचारतात, सर हे काय वाजवतात, नुसताच ठेका, गाणं कुठेच नाही.

मी तिला म्हटलं, त्याला सांग, तू बसलास की मीही इकडे बसेन. ती आत गेली, परत आली. "हो म्हणतो. पण फोन चालू ठेवायचा नाय म्हणतो." ग्रेसीने आणि मी एकदा चोरून फोन चालू ठेवूनही पाहिला. उपयोग नाही. आवाज उशिराने पोचतो, ताल जुळत नाही. तेव्हा आता असं ठरलंय की ग्रेसी फोन करते, "बसला," एवढंच म्हणते आणि ठेवून देते. मग माहीमला खालचं वाजतं आणि गिरगावात वरचं. त्याला माझं ऐकू येत नाही, मला त्याचं येत नाही. संपल्यावर कुणी कुणाला फोन करत नाही.

मधल्या भागात एका जागी बेनी नेहमी घाई करतो. गुरुवारच्या तालमींत त्यावरून आमची खूप भांडणं झाली. कागदावर तिथे सावकाश असं स्पष्ट लिहिलंय, माझ्याच हाताने. आता रोज संध्याकाळी ती जागा आली की मीही घाई करते.